खुला व्यापार हवा, मुक्त संचार नको: ब्रिटिश जनमत दुटप्पी होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपीय महासंघ सोडताना ब्रिटिश लोकांना युरोपशी व्यापार पूर्वीसारखाच खुला हवा होता, पण युरोपातली माणसं नको होती. हा दुटप्पीपणा नाही का? आणि आता तेच लोक ‘बाहेर पडलो ते चुकलंच’ म्हणत असतील, तर त्यांना मुक्त संचारही (महासंघातल्या कुठल्याही देशात जाऊन राहण्याची, काम करण्याची मोकळीक) मान्य झाला असं समजायचं का?

माझ्या मते दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ब्रिटनमध्ये जनमत चाचण्यांच्या प्रश्नावल्या तयार करायच्या आणि आलेले आकडे वाचायचे, हे काम मी बरीच वर्षं केलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या विषयात लोकांची मतं बातम्यांमध्ये दिसतात त्यापेक्षा खूपच सुसंगत आहेत. अडचण आहे ती त्यांना काय विचारलं गेलं याची.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, राहायचं की सोडायचं. सोडल्यावर काय, याबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं. ती उणीव भरून काढायला नॅटसेन या संशोधन संस्थेने त्याच वर्षी लोकांना पुढच्या अटींबद्दल विचारलं. जनमताचे अभ्यासक प्रा. जॉन कर्टिस यांनी त्याचं विश्लेषण केलं. युरोपशी खुला व्यापार ठेवावा असं सुमारे ९० टक्के म्हणाले आणि युरोपातून येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी असं सुमारे ७० टक्के म्हणाले. यातली मेख अशी की राहण्याच्या बाजूने मत दिलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना ही मर्यादा हवी होती आणि सोडणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना व्यापार हवा होता.

हेच आकडे पुढे ‘ब्रिटिश माणसाला सगळंच हवंय’ याचा पुरावा म्हणून फिरले. पण एखाद्या कारखान्यात जाऊन ‘पगारवाढ हवी का?’ आणि ‘कामाचे तास कमी हवेत का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारले तर दोन्हींना होकारच येणार. म्हणून कामगार दुटप्पी ठरत नाहीत. ‘तास कमी करतो, पण पगार एवढाच राहील, चालेल का?’ असं विचारल्यावर खरं मत कळतं. नॅटसेनने तोही प्रश्न विचारला होता: खुल्या व्यापाराच्या बदल्यात युरोपीय नागरिकांना इथे येऊन राहण्याची, काम करण्याची मुभा द्यावी का? उत्तरात देश जवळपास निम्मा-निम्मा दुभागला. ९० आणि ७० ची बातमी झाली, या तिसऱ्या उत्तराकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या दृष्टीने त्या पाहणीतला सगळ्यात मोलाचा आकडा तोच होता.

आता मूळ मुद्दा. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्याच आहेत, हे सामान्य मतदाराला ठाऊक असायला हवं होतं का? जगात बहुतेक ठिकाणी त्या बांधलेल्या नाहीत. कॅनडाचा युरोपशी व्यापार करार आहे, पण म्हणून टोरांटोचा माणूस उठून बर्लिनला नोकरी धरू शकत नाही. माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चारही गोष्टींना एकत्र मोकळीक देण्याची कल्पना १९५७ च्या रोमच्या करारातून आली आणि १ जानेवारी १९९३ ला सामायिक बाजारपेठ म्हणून पुरती उभी राहिली. ती बांधणी अर्थशास्त्राने घातलेली नाही, राजकारणाने घातलेली आहे. मालाला सीमा नाही तर माणसालाही नको, हा त्या प्रकल्पाचा प्राण आहे. त्यामुळे युरोपच्या वाटाघाटी करणाऱ्यांचं ‘चारही घ्या किंवा एकही नाही’ हे म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. आणि ‘मला व्यापार हवा, बाकीचं वेगळं बोलू’ असं म्हणणारा लिंकनशरचा निवृत्त शिक्षकही वेडगळ काही बोलत नव्हता. जगभर ज्याला मुक्त व्यापार म्हणतात तेच तो मागत होता.

गंमत पाहा, अक्षरशः घेतलं तर त्या ९० आणि ७० टक्क्यांना दोन्ही गोष्टी मिळाल्या. २४ डिसेंबर २०२० ला ठरलेल्या व्यापार आणि सहकार्य करारात मालावर शून्य आयातशुल्क आहे, कोटाही नाही. आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री मुक्त संचार संपला. मग लोक समाधानी का झाले नाहीत?

याचं उत्तर एका ट्रकमध्ये सापडतं. २०२० पर्यंत इंग्लंडमधला एखादा छोटा चीज बनवणारा फ्रान्समधल्या दुकानाला माल पाठवायचा तो तसाच, जसा शेजारच्या गावाला पाठवावा. १ जानेवारी २०२१ पासून त्याच मालावर शुल्क शून्यच राहिलं. पण सीमाशुल्काची कागदपत्रं आली, माल कुठे बनला याचा दाखला आला, आणि दूध-मांसाचे पदार्थ म्हणून निर्यात-आरोग्य प्रमाणपत्र आलं. त्या प्रमाणपत्रावर पशुवैद्यकाची सही लागते, तो त्याची फी घेतो, आणि हे दर खेपेला. एका ट्रकमध्ये दहा जणांचा थोडा थोडा माल असेल आणि एकाच्या कागदात चूक निघाली, तर सगळा ट्रक सीमेवर अडकतो. मोठ्या कंपन्यांनी माणसं नेमली, छोट्यांनी युरोपचे गिऱ्हाईक सोडून दिले. वेल्सच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची शेती करणाऱ्यांची अवस्था त्याहून वाईट झाली. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या पाण्यातल्या, न शुद्ध केलेल्या जिवंत शिंपल्या बाहेरच्या देशातून घ्यायच्या नाहीत असा युरोपचा नियम आहे. ब्रिटन बाहेरचा देश झाल्याबरोबर त्यांची बाजारपेठच बंद झाली.

म्हणजे सर्वेक्षणात ‘खुला व्यापार’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘आज चाललंय तसंच चालू राहावं’ हे होतं, आणि करार करणाऱ्यांच्या लेखी त्याचा अर्थ ‘शुल्क नाही’ एवढाच होता. शुल्क हटवणं सोपं असतं. अवघड असतं ते नियम एक करणं, आणि नियम एक करायचे म्हटलं की ते कोण लिहिणार हा प्रश्न येतो. ब्रिटनच्या सरकारी अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी आणि व्यापार सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील. यातला बहुतेक तोटा शुल्कामुळे झालेला नाही. तो या कागदांमुळे आणि सेवा-व्यवसायांपुढे उभ्या राहिलेल्या अडथळ्यांमुळे आहे.

नियम कोण लिहितो याची झळ आपल्या हापूसलाही बसली होती. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय महासंघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. युरोपात आपल्या आंब्याचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटन. भारतीय वस्ती असलेल्या लेस्टर आणि वेम्बलीच्या दुकानदारांचा ऐन हंगाम गेला. कीथ वाझ यांच्यासारख्या खासदारांनी आवाज उठवला, पण लंडनच्या सरकारला एकट्याने ती बंदी उठवता येत नव्हती. २०१५ च्या सुरुवातीला ती उठली. भारतीय वंशाच्या काही मतदारांना ‘आपला कारभार आपल्या हातात’ ही घोषणा का पटली, याचं एक छोटंसं कारण मला अशा अनुभवांत दिसतं. जनमत पाहण्या करवून घेणारे लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या मतदानाच्या दिवशीच्या पाहणीत आशियाई मतदारांपैकी ३३ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिल्याचं दिसलं होतं.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मी नेहमी सांगतो. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांनी मुख्य कारण काय दिलं? ४९ टक्के म्हणाले, ब्रिटनबद्दलचे निर्णय ब्रिटनमध्ये व्हावेत. स्थलांतरावर आणि सीमांवर नियंत्रण परत मिळावं हे कारण ३३ टक्क्यांनी पहिलं ठेवलं. दुसऱ्या कारणाच्या पोटातही पहिलंच आहे. लोक ‘माणसं नकोत’ म्हणत होते त्याहून जास्त ‘किती यावीत हे ठरवायला आम्हाला विचारा’ असं म्हणत होते.

हे विचारलं गेलं नव्हतं, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. १ मे २००४ ला पोलंड, लिथुएनियासह १० देश महासंघात आले. बहुतेक जुन्या सदस्यांनी त्यांच्या कामगारांसाठी दारं काही वर्षं बंद ठेवली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने ती लगेच उघडली. सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील. तो अंदाज जर्मनीसारखे देशही दार उघडतील हे गृहीत धरून केलेला होता, पण राजकारणात लोकांच्या कानावर आकडा तेवढा गेला. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ५८ हजार लोक होते, २०११ च्या जनगणनेत ५ लाख ७९ हजार झाले. नंतर हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी स्थलांतर ‘काही दहा हजारांवर’ आणण्याचं वचन दिलं. मुक्त संचार असताना ते पाळण्याचं पुरेसं साधन त्यांच्या हातात नव्हतं. २०१५ साली निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ३ लाख ३० हजारांच्या आसपास होतं. मला विचाराल तर ब्रेक्झिटचं बरंचसं काम या वचनाने केलं. लोकांना मुक्त संचार आवडतो की नाही हा वाद वेगळा, पण दर तीन महिन्यांनी जाहीर होणारा आकडा त्यांना सांगत राहिला की तुमचं सरकार बोलतं ते करू शकत नाही.

बॉस्टन हे लिंकनशरमधलं गाव. आजूबाजूला कोबी, फ्लॉवर, बटाट्याची शेती आणि भाज्या पॅक करण्याचे कारखाने. तिथे ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं, देशात सगळ्यात जास्त. लंडनच्या लॅम्बेथमध्ये परदेशात जन्मलेले लोक कितीतरी जास्त, आणि तिथे ७८.६ टक्के राहण्याच्या बाजूने. फरक संख्येचा कमी आणि वेगाचा जास्त होता. बॉस्टनमध्ये दहा वर्षांत मुख्य रस्ता बदलला. दवाखान्यात तारीख मिळेना, भाडी वाढली, आणि त्यासाठी वरून जादा पैसा आला नाही. अशा भागातल्या गटचर्चांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. सुरुवात कडक असायची, आता पुरे झालं. मग मी विचारायचो, शेजारी राहणाऱ्या लिथुएनियन कुटुंबाने जावं का? यावर खोलीचा सूरच बदलायचा. ते कष्टाळू आहेत, त्यांची मुलं आमच्या नातवंडांबरोबर शाळेत आहेत, त्यांनी कशाला जायचं? हे ढोंग नव्हतं. संख्येबद्दलचं मत आणि माणसांबद्दलचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मनापासूनची असतात. सर्वेक्षणातही हेच दिसतं: ‘स्थलांतर कमी करावं का?’ म्हटलं की बहुमत हो म्हणतं. डॉक्टर, परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे, फळं तोडणारे अशी एकेक कामं घेऊन विचारलं, की कमी करा म्हणणारे अल्पमतात जातात.

सार्वमतानंतर काय झालं हे अनेकांना चकित करणारं आहे. आधी चिंता उतरली. ‘देशापुढचा सर्वात मोठा प्रश्न’ म्हणून स्थलांतराचं नाव घेणारे २०१५ मध्ये निम्म्याच्या आसपास होते, २०२० पर्यंत फारच थोडे उरले. निर्णय आता आपल्याकडे आला, ही भावना त्यामागे होती असं मी मानतो. मग २०२१ पासून नवी गुणाधारित व्हिसा पद्धत आली आणि युरोपातून येणाऱ्यांची जागा भारत, नायजेरिया, चीनमधून येणाऱ्यांनी घेतली. युरोपीयांचं निव्वळ स्थलांतर उणे झालं, तरी एकूण आकडा २०२३ च्या सुमारास ९ लाखांवर गेला. यात आपली मुलं मोठ्या संख्येने होती. पुण्या-नाशिकहून एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेली, नंतर दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी शोधणारी. इंग्लिश खाडीतून छोट्या बोटींनी २०२२ मध्ये ४५ हजारांवर लोक आले, त्याची दृश्यं रोज टीव्हीवर. चिंता पुन्हा वर चढली. या खेपेला ब्रुसेल्सकडे, म्हणजे महासंघाकडे, बोट दाखवायची सोय नव्हती, आणि त्याचे राजकीय परिणाम हुजूर आणि मजूर दोन्ही पक्ष भोगत आहेत.

या सगळ्यात ज्यांचा आवाज कुठल्याच चाचणीत नीट आला नाही असे लोक आपल्याच किनाऱ्यावरचे आहेत. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. तो पासपोर्ट घेऊन हजारो गोंयकार स्विंडन, साउथॉल, वेम्बलीला गेले. गोदामांत, कारखान्यांत, विमानतळांवर कामाला लागले. मुक्त संचाराचा असा थेट उपयोग भारतात जन्मलेल्या दुसऱ्या कुणाला क्वचितच झाला असेल. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. तिथला होंडाचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. जे आधीपासून राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्याच्या योजनेत अर्ज करून हक्क टिकवता आला. पण जो ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये आलाच नव्हता, त्याला केवळ पोर्तुगीज पासपोर्टच्या बळावर तिथे काम करता येत नाही. एकाच घरात मोठ्या भावाला हक्क आणि धाकट्याला नाही, असं झालं. सार्वमतात या लोकांना मत नव्हतं, कारण मत ब्रिटन, आयर्लंड आणि राष्ट्रकुलाच्या नागरिकांना होतं. भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर राष्ट्रकुलाचे म्हणून मत देता आलं असतं. पोर्तुगीज झाल्यामुळे तेही गेलं. हे मला आजही फार अन्यायाचं वाटतं.

भारताशी वाटाघाटींत तोच पेच दुसऱ्या बाजूने आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये थेरेसा मे दिल्लीला व्यापाराचं बोलायला आल्या आणि भारताने विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा विषय काढला. २०२२ च्या दिवाळीपर्यंत करार होणार होता, तेव्हा गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी या करारामुळे भारतीयांसाठी सीमा उघड्या पडतील अशी भीती जाहीरपणे बोलून दाखवली. करारावर अखेर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्याच्या जोडीने ठरलेल्या वेगळ्या करारात आपल्याकडून तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून सूट आहे, पण मोकळेपणाने येण्याचा हक्क नाही. ऑक्टोबरमध्ये कीर स्टार्मर मुंबईला आले तेव्हाही व्हिसा विषयपत्रिकेवर नाहीत असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. युरोप सोडला म्हणून व्यापाराच्या टेबलावरून माणसांचा विषय गेला नाही. मागणारा तेवढा बदलला.

महासंघात नसलेल्या, पण त्याच्याशी मुक्त संचाराचा करार असलेल्या स्वित्झर्लंडकडे पाहिल्यावर मला जनमताबद्दल सगळ्यात जास्त कळतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे स्थलांतरावर कोटा घालण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी मंजूर झाला. व्यापारावरच्या परिणामाचा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. युरोपने लगेच विद्यार्थी आणि संशोधन कार्यक्रमांत अडवणूक केली. स्विस सरकारने कायदा इतका सौम्य केला की कोटा आलाच नाही. २७ सप्टेंबर २०२० ला मुक्त संचार थेट संपवण्याचा प्रस्ताव आला. युरोपशी असलेल्या करारांत एक मोडला की जोडलेले बाकीचेही मोडतात, हे या वेळी प्रत्येकाला माहीत होतं. ६१.७ टक्क्यांनी तो फेटाळला. सहा वर्षांत स्विस लोकांना स्थलांतर आवडायला लागलं असं अजिबात नाही. त्यांच्यापुढे किंमत लिहून ठेवली होती, एवढंच.

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न: ‘चुकलंच’ म्हणणाऱ्यांना मुक्त संचार मान्य झाला का? बाहेर पडणं चुकीचं होतं असं म्हणणारे यूगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या पाहणीत ५५ टक्के होते आणि बरोबर होतं म्हणणारे ३० टक्के. परत सामील व्हावं याला निम्म्याहून थोडा जास्त पाठिंबा मिळतो. पण यूगव्हनेच त्याच वर्षी ‘युरो चलन आणि शेंगेन (सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेलं क्षेत्र) स्वीकारावं लागलं तर?’ असं विचारलं, तेव्हा तो ५४ वरून ३६ टक्क्यांवर आला. दुसरीकडे युरोपियन कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स या विचारगटाच्या २०२४ अखेरच्या पाहणीत, सामायिक बाजारपेठ मिळत असेल तर मुक्त संचार चालेल असं बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेल्यांपैकीही ५४ टक्के म्हणाले. या आकड्यांत विरोध नाही. पहिल्यात झालेल्या गोष्टीवरचा शेरा आहे, दुसऱ्यात नव्या किमतीवरचं मत, तिसऱ्यात ओळखीच्या किमतीवरचं. या कामातला माझा अनुभव असा की ‘आणि ब्रिटिश नागरिकांनाही युरोपात राहता येईल’ हे अर्धं वाक्य प्रश्नात घातलं की मुक्त संचाराचा पाठिंबा ठळकपणे वाढतो. ‘युरोपातून कितीही लोक येऊ शकतील’ असं लिहिलं की घसरतो. म्हणून कुणी मला एखादा आकडा दाखवला की मी आधी प्रश्नाचा पूर्ण मजकूर मागतो.

मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात सामायिक बाजारपेठ, सीमाशुल्क संघ (आपसात शुल्क नाही, बाहेरच्यांना सगळ्यांचं एकच शुल्क) आणि मुक्त संचार तिन्हींना नकार दिला होता. १९ मे २०२५ च्या लंडनच्या शिखर बैठकीत मात्र इतर विषयांबरोबर या दोन गोष्टींवरही तत्त्वतः एकमत झालं: अन्नपदार्थ आणि पशु-वनस्पती आरोग्याचे नियम युरोपशी जुळवून घ्यायचे, म्हणजे त्या चीजच्या ट्रकमागचे कागद कमी होतील, आणि तरुणांसाठी मर्यादित मुदतीची ये-जा सुरू करायची. सगळं घोडं दुसऱ्या गोष्टीवर अडलं. ब्रिटनला त्यात वार्षिक मर्यादा हवी होती, युरोपला आपल्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिटिश विद्यार्थ्यांइतकीच फी हवी होती. १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी ब्रिटनने अशी योजना २०२३ पासून चालवलीच आहे, वर्षाला ३,००० जागांची, दोन्ही बाजूंनी, आणि तिच्यावरून कुठे वादळ उठलेलं नाही. मर्यादा असलेली, मुदतीची, दोन्हीकडची ये-जा ब्रिटिश मतदाराला चालते. २०१६ मध्ये त्या निम्म्या-निम्म्या उत्तरातही ती चालली असती असं मला ठामपणे वाटतं, पण तेव्हा तसा पर्याय ना लंडनने मांडला, ना ब्रुसेल्सने.